फोन जुना असेल, पण ब्राउझर किती जुना आहे?

प्रश्न थोडक्यात असा. जळगावातल्या एका लहान वेब एजन्सीत दीड वर्षापासून काम करणाऱ्या मुलाला केळीच्या रोजच्या भावाची साइट करायची आहे. रावेर-यावलकडचे शेतकरी आणि व्यापारी ती फोनवर बघणार. त्याला कंटेनर क्वेरी (डब्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणं), ‘:हॅज’ सिलेक्टर (आत काय आहे ते बघून घटक निवडणं), ‘डायलॉग’ टॅग (पानावर उघडणारी चौकट) असं नवीन काही वापरायचंय. त्याचे सर म्हणतात, ‘आपलं गिऱ्हाईक खेड्यातलं, फोन जुने, बूटस्ट्रॅप-जेक्वेरी लाव आणि मोकळा हो.’ (म्हणजे वेबसाइटसाठीच्या तयार कोडच्या लायब्ररी.) आता ऐकायचं कोणाचं? आणि शेवटी भीत भीत विचारलंय, व्ह्यू ट्रान्झिशन, म्हणजे पान बदलतानाची हालचाल, घातलं तर चालेल का?

मी भुसावळात बसून चौदा वर्षं हेच काम करतोय. केळीचे व्यापारी, पतसंस्था, क्लासवाले, एखादं मंगल कार्यालय, असं आपल्याकडचं गिऱ्हाईक. तुझ्या सरांची भीती खोटी नाही रे. ती फक्त २०१७ सालातली आहे.

तेव्हाचं चित्र तुला माहीत नसेल. आपल्या भागात निम्म्या हातांत यूसी ब्राउझर किंवा ऑपेरा मिनी दिसायचं. ऑपेरा मिनी तर पान स्वतःच्या सर्व्हरवर उघडून, पिळून, वाळवून फोनला पाठवायचं. तुझी जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-चालतं करणारा कोड, त्यात अर्धमेली व्हायची. २०१७ मध्येच जिओफोन आला. त्यातली कायओएस ही सिस्टिम फायरफॉक्स ४८ च्या इंजिनावर चालायची, आणि सीएसएसमधलं (पान कसं दिसावं ते लिहायची भाषा) ग्रिड, म्हणजे रकान्यांची मांडणी, आलं फायरफॉक्स ५२ मध्ये. म्हणजे त्या वर्षी आम्ही हौसेने ग्रिड वापरलं आणि जिओफोनवर सगळे डबे एकाखाली एक कोसळले. दुसरीकडे पतसंस्थेच्या काउंटरवर इंटरनेट एक्सप्लोरर ११ ठाण मांडून बसलेलं. अशा काळात ज्याने मार खाल्लाय तो नवीन काही दिसलं की ‘नको’ म्हणणारच. पण यूसीवर जून २०२० मध्ये सरकारनेच बंदी घातली, आणि एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने निवृत्त केलं. भीती तेवढी राहिली.

आज जुना फोन म्हणजे नेमकं काय, ते बघू. अँड्रॉइडवर क्रोम सिस्टिमला बांधलेलं नसतं, प्ले स्टोअरमधून वेगळं अपडेट होतं. गुगल एखाद्या अँड्रॉइड आवृत्तीला सोडून देतं तेव्हाच ते जागच्या जागी थांबतं. अँड्रॉइड ५ वर ते क्रोम ९५ ला थांबलं, अँड्रॉइड ६ वर १०६ ला, अँड्रॉइड ७ वर ११९ ला, आणि अँड्रॉइड ८ व ९ वर १३८ ला. हे आकडे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटव, माझ्या इथे तीन वर्षं चिकटलेत आणि दर वेळी खोडून नवे लिहितो.

आता गंमत बघ. ‘:हॅज’ आणि कंटेनर क्वेरी दोन्ही क्रोम १०५ मध्ये आल्या, ऑगस्ट २०२२ मध्ये. म्हणजे अँड्रॉइड ६ चा, काच तडकलेला, रबर लावून बांधलेला फोन असला तरी त्यातलं क्रोम १०६ पर्यंत आलेलं असेल तर दोन्ही चालतात. पॉपओव्हर (पानावर उघडणारा छोटा डबा) क्रोम ११४ मध्ये आलं, म्हणजे अँड्रॉइड ७ लाही मिळतं. ज्या गोष्टींना सर ‘नवीन’ म्हणतात त्या त्यांच्या कल्पनेतल्या सर्वांत गरीब फोनवरही बहुधा आधीच पोचलेल्या आहेत.

‘असेल तर’ हे मात्र मी मुद्दाम म्हटलं. १६ जीबीचा फोन, त्यात लग्नांचे व्हिडिओ आणि रोजचे शुभ सकाळ. जागा उरत नाही आणि प्ले स्टोअरचं अपडेट महिनोन् महिने रखडतं. म्हणून अंदाजावर जाऊ नकोस. त्या व्यापाऱ्याची सध्याची साइट असेल तर तिच्या ॲनालिटिक्समध्ये ब्राउझर आवृत्तीचा तक्ता काढ. नसेल तर बाजाराच्या दिवशी सावद्याला जा, चहा पी आणि दहा जणांचे फोन बघ. मी हे खरोखर करतो. लोक हसतात, पण फोन देतात.

आता माझी चूक सांगतो, कारण सरांच्या बाजूनेही एक पुरावा द्यायला हवा.

सीएसएसमध्ये एका नियमाच्या पोटात दुसरा नियम लिहायची सोय, म्हणजे नेस्टिंग, क्रोम ११२ पासून आहे. कोणत्या ब्राउझरमध्ये काय चालतं त्या तक्त्यात मी हिरवा चौकोन बघितला आणि खूश झालो. अशाच एका भावाच्या साइटला बिल्ड टूल (नवा कोड जुन्या ब्राउझरला कळेल असा करणारं साधन) वगैरे काही न लावता सरळ नेस्टिंग लिहिलं. कार्डाच्या नियमात आधी रंग-पॅडिंग, मग ‘एच३’चा नियम, त्याखाली भावाच्या रकान्यांचे नियम. माझ्या फोनवर झकास. दोन दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन: ‘भाव दिसतो भो, पण कोणता भाव कशाचा तेच समजत नाही.’ नवती, पिलबाग, वापसी ही केळीच्या मालाची तीन नावं एकाखाली एक आणि तिन्ही आकडे त्यांच्याही खाली, सगळे एकाच मापाचे, काळे.

झालं होतं असं की सुरुवातीच्या नेस्टिंगला एक अट होती. आतला नियम नुसत्या टॅगच्या नावाने सुरू करता यायचा नाही, आधी & लावावा लागायचा. ही अट क्रोम १२० मध्ये, डिसेंबर २०२३ ला, गेली. त्याचा फोन अँड्रॉइड ७ चा, म्हणजे क्रोम ११९. एका आकड्याने हुकलं. जुन्या नियमाप्रमाणे ब्राउझर ‘एच३’ हे एखाद्या प्रॉपर्टीचं नाव समजतो, पुढे अर्धविराम कुठे मिळतोय ते शोधत जातो, आणि वाटेतलं सगळं टाकून देतो. म्हणून नुसता एच३ गेला नाही, त्याच्याखालचे रकान्यांचे नियमही त्याच्याबरोबर गेले. दुरुस्ती एका अक्षराची होती: एच३ च्या आधी &. शोधायला मात्र दुपार गेली, कारण मी आधी फॉन्टवर, मग नेटवर्कवर, मग व्यापाऱ्यावर संशय घेतला.

तेव्हापासून मी ‘चालतं का’ एवढंच विचारत नाही. ‘चाललं नाही तर काय दिसेल’ हे आधी बघतो. तुझ्या यादीतली प्रत्येक गोष्ट या एका प्रश्नाच्या चाळणीतून काढ.

कंटेनर क्वेरी चालली नाही तर? भावाचं कार्ड आपल्या मूळ अरुंद मांडणीत राहील. मूळ मांडणी अरुंद लिही आणि रुंद झाल्यावर काय करायचं ते क्वेरीत टाक, की काम झालं. ‘:हॅज’ चालला नाही तर? समज, वर ‘फक्त रावेर दाखवा’ असा चेकबॉक्स आहे आणि त्यावर टिक केली असेल तर बाकीच्या ओळी लपवायच्या. यासाठी आता जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. जुन्या ब्राउझरवर टिक करूनही यादी पूर्ण दिसेल, माणूस स्क्रोल करेल, कोणाचं नुकसान नाही. फक्त एक खोडी लक्षात ठेव: स्वल्पविराम देऊन चार सिलेक्टर एकत्र लिहिलेस आणि त्यातला एक ‘:हॅज’चा असला, तर ज्या ब्राउझरला तो कळत नाही तो चारही फेकून देतो. ‘:हॅज’ नेहमी स्वतंत्र नियमात लिही, किंवा ‘@सपोर्ट्स’च्या, म्हणजे ब्राउझरला कळत असेल तरच लागू होणाऱ्या नियमाच्या, आत.

सीएसएस असं समजूतदार आहे. कळलं नाही तर ओळ सोडून पुढे जातं. जावास्क्रिप्टचा स्वभाव वेगळा. भाव चढत्या क्रमाने लावायला ‘टूसॉर्टेड’ ही मेथड (तयार आज्ञा) वापरलीस तर ती क्रोम ११० पासून आहे. १०६ वाल्या फोनवर त्या ओळीवर स्क्रिप्ट थांबेल आणि पुढचं काहीच होणार नाही. व्याकरणच नवीन असलं तर अख्खी फाइल वाचलीच जात नाही. म्हणून माझी वाटणी अशी: सीएसएस आणि एचटीएमएलमध्ये बिनधास्त नवीन वापरतो, जावास्क्रिप्टमध्ये कंजूषपणा करतो. मेथड असेल तर आधी ‘आहे का’ विचारून घेतो, व्याकरण असेल तर बिल्डमधून जुनं करून घेतो.

आणि सरांना जे पटायला हवं ते इथे आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. शेतात, उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये फोन तापतो, आणि तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आधीच स्वस्तातला फोन, त्यात हे. अशा फोनवर सगळ्यात जड काय पडतं? चित्रं जड असतात खरी, पण ती नुसती उतरतात आणि दिसतात. जावास्क्रिप्ट मात्र उतरते, वाचली जाते, मग चालवली जाते. एकटी जेक्वेरी कॉम्प्रेस करूनही ३० केबीच्या आसपास, वर स्लायडर, वर मोडल (पानावर उघडणारी खिडकी), वर ॲकॉर्डियन. फोन जुना म्हणून जुनी लायब्ररी लावायची, म्हणजे म्हाताऱ्या बैलाला जुनी म्हणून दगडी चाकाची गाडी जुंपायची. बूटस्ट्रॅपने स्वतः २०२१ मध्ये, पाचव्या आवृत्तीत, जेक्वेरी सोडली, हेही सरांना हळूच सांग.

‘डायलॉग’ टॅगचं उदाहरण घे. क्रोममध्ये तो २०१४ पासून आहे. फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ मध्ये आला. ‘शोमोडल’ ही उघडायची आज्ञा दिली की मागचं पान आपोआप निष्क्रिय होतं, फोकस आत येतो, पडदा मिळतो. नव्या क्रोममध्ये तर फोनचं बॅक बटण दाबलं की आधी डायलॉग बंद होतो. याचं मोल तुला गिऱ्हाइकाजवळ बसल्याशिवाय कळायचं नाही. आपली माणसं कोपऱ्यातली फुली शोधत बसत नाहीत, सरळ बॅक दाबतात. जुन्या मोडलमध्ये बॅक दाबलं की माणूस थेट व्हॉट्सॲपमध्ये परत, आणि मग म्हणतो, ‘तुमची साइट आपोआप बंद होते.’

लेझी लोडिंगला, म्हणजे चित्र दिसायची वेळ आल्यावरच उतरवायला, आता लायब्ररी लावू नकोस, एक ॲट्रिब्यूट पुरतो. मोबाइल नंबरच्या रकान्याला ‘टेल’, ओटीपीला ‘इन्पुटमोड न्यूमेरिक’ दे, की आकड्यांचा कीबोर्ड येतो. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

मराठी साइट आहे, त्यामुळे इथे मात्र थोडा थांबतो; इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे कोणी सांगत नाही. एचटीएमएलच्या टॅगवर भाषा ‘एमआर’ लिही. ज्या फॉन्टात मराठी ‘ल’ आणि ‘श’ची वेगळी रूपं दिलेली असतात, तिथे ती यावरूनच निवडली जातात, नाहीतर हिंदी वळणाचा ‘ल’ येतो. शीर्षकाला ‘लेटर-स्पेसिंग’ देऊ नकोस, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. आकड्यांसाठी ब्राउझरमधलंच ‘इंट्ल’ (भाषेप्रमाणे आकडे लिहून देणारी सोय) वापर: ‘एमआर-आयएन’ दिलं की १,२३,४५६ असा लाखाचा स्वल्पविराम आणि देवनागरी अंक दोन्ही फुकट मिळतात. पण हे दाखवायला. आत घ्यायची वेळ आली की उलटी पंचाईत. शेतकऱ्याने मराठी कीबोर्डवरून ‘१२५०’ टाकलं तर जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ फंक्शन त्याला आकडाच मानत नाही, ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, असं उत्तर देतं. मजकुरात नमुना शोधणाऱ्या रेगेक्सचा ‘\डी’सुद्धा देवनागरी अंक ओळखत नाही. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. प्रत्येक देवनागरी अंकातून २३५८ वजा कर, मग पुढे जा. पाच ओळींचं फंक्शन आहे, आजच लिहून ठेव.

तसंच अक्षरं मोजण्याचं. ‘भुसावळ’ आपल्याला चार अक्षरी, पण जावास्क्रिप्टच्या लांबीत सहा, कारण उकार आणि काना वेगळे मोजले जातात. ‘गावाचं नाव ५ अक्षरांत’ अशी मर्यादा घातलीस तर भुसावळकर बाहेर. ‘इंट्ल सेगमेंटर’ हे बरोबर मोजतो. फायरफॉक्समध्ये तो एप्रिल २०२४ ला आल्यापासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे.

आता सर्व्हिस वर्कर, म्हणजे नेट नसतानाही पान उघडून देणारी स्क्रिप्ट, कारण तू तो घालणारच आहेस, मला माहितीये. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज येते-जाते, साइट ऑफलाइन उघडली तर लोक आशीर्वाद देतात. पण माझ्यासारखी घाई करू नकोस. मी एकदा ‘आधी कॅश (फोनमधला साठा), मग नेटवर्क’ अशी रीत सगळ्याच फाइलींना लावली. पान निमिषात उघडायचं. कालच्या भावासकट. एकाने तो भाव बघून माल कापायला घेतला, आणि पुढचं बोलणं मी इथे लिहीत नाही. सीएसएस, फॉन्ट, लोगो कॅशमधून दे. भाव मात्र आधी नेटवर्कवरून माग, तीन-चार सेकंदांत आला नाही तरच जुना दाखव, आणि जुना दाखवताना आकड्याच्या डोक्यावर ठळक लिही: ‘काल संध्याकाळी ६ चा भाव’. तारीख कोपऱ्यात बारीक करड्या रंगात नको. उन्हात करडा रंग दिसतच नाही. मागून डेटा पाठवण्याची बॅकग्राउंड सिंकची सोय फक्त क्रोमच्या कुळातल्या ब्राउझरांत आहे, तिच्यावर काही बेतू नकोस.

व्हॉट्सॲपवर पाठवण्याचं बटण हवंच. ब्राउझरचं स्वतःचं शेअर वापर, ते नसेल तिथे साधी व्हॉट्सॲपची लिंक दे. ब्राउझरचं शेअर फक्त एचटीटीपीएसवर आणि बटण दाबल्यावरच चालतं. पान उघडताच आपोआप शेअर उघडायला जाशील तर ब्राउझर नकार देईल, आणि बरोबरच आहे.

आयफोन आपल्याकडे कमी, पण व्यापाऱ्याच्या पोराकडे हमखास असतो आणि साइट पास-नापास तोच करतो. भारतात आयफोनवर कोणताही ब्राउझर घे, आतलं इंजिन सफारीचंच, आणि ते आयओएसबरोबरच बदलतं. आयफोन ७ आयओएस १५ वर अडकलाय: तिथे ‘:हॅज’ आणि ‘डायलॉग’ आहेत, कंटेनर क्वेरी नाहीत, त्या सफारी १६ मध्ये आल्या. म्हणजे वरचीच गोष्ट, कार्ड अरुंद दिसेल.

‘बेसलाइन’ नावाचं लेबल तू पाहिलं असशील. एखादी गोष्ट क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी या सगळ्यांत आली की ‘नव्याने उपलब्ध’, आणि त्यानंतर ३० महिन्यांनी ‘सर्वत्र उपलब्ध’. कंटेनर क्वेरी फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३ ला आल्या, म्हणून ऑगस्ट २०२५ ला त्यांना दुसरं लेबल लागलं. सरांशी वाद घालायला हे लेबल उत्तम आहे, छापील कागदासारखं. मी ते बघतो, पण निर्णय सावद्याच्या दहा फोनांवर घेतो. आणि एक खर्च करच: जुन्या फोनच्या दुकानातून अँड्रॉइड ७ किंवा ८ चा एक हँडसेट घे, यूएसबीने लॅपटॉपला जोड, आणि क्रोमच्या इन्स्पेक्टमधून त्यावरचं पान तपास. माझ्या ड्रॉवरमध्ये असे तीन आहेत. एकाची बॅटरी फुगली होती म्हणून फेकला, नाहीतर चार असते. लॅपटॉपवरच्या मोबाइल व्ह्यूमध्ये आकार दिसतो, क्रोम ११९ दिसत नाही.

राहिलं व्ह्यू ट्रान्झिशन. तुझी साइट साधी, वेगवेगळ्या पानांची आहे, तर पानातून पानात जातानाचं ट्रान्झिशन सीएसएसच्या दोन-तीन ओळींत होतं, जावास्क्रिप्ट लागत नाही. हे क्रोम १२६ आणि सफारी १८.२ पासून आहे. अँड्रॉइड ७ ला मिळणार नाही. तिथे पान नेहमीसारखं पटकन बदलेल आणि काही चुकलं असं कोणाला वाटणारही नाही. चाळणीतून सरळ पास. हालचाल कमी करा असं ज्यांनी फोनमध्ये सेट केलंय त्यांच्यासाठी तेवढं बंद ठेव. डीफॉल्ट वेळ पाव सेकंदाचा असतो, तो वाढवू नकोस. सकाळी भाव बघणारा माणूस ट्रॅक्टर चालू ठेवून उभा असतो.